मापाचा मका

मंदाकिनी निकाळजे यांनी स्वतःच्या एकोणचाळीस आकड्यांवर लाल शाईने फुली मारली, ती मार्च महिन्यातल्या एका सोमवारी, सकाळी सव्वादहाच्या सुमारास. जागा होती परभणीतल्या एका महाविद्यालयाचा वनस्पतिशास्त्र विभाग. त्या वेळी त्यांना निवृत्त होऊन तीन वर्षे झाली होती. प्रत्येक फुलीशेजारी त्यांनी सही केली, तारीख घातली आणि वही मिटण्याआधी सह्या मोजल्या. अडतीस भरल्या. पुन्हा मोजल्या. एक पान चिकटले होते.

आकडे झाडांचे होते. झाडाच्या एका पेशीत किती डीएनए आहे, म्हणजे त्याचा जनुकसंच केवढा आहे, याचे ते माप. फुलझाडांमध्ये सर्वांत लहान आणि सर्वांत मोठ्या जनुकसंचात हजारपटींहून जास्त फरक आहे, आणि तो का पडला हे अजून पूर्ण उलगडलेले नाही. जिल्ह्यातल्या माळांवर आणि ओढ्याकाठी वाढणाऱ्या कंदवाल्या रानझाडांचे माप घेणे हे निकाळजे मॅडमचे अकरा वर्षांचे काम होते. ते त्यांनी त्या सकाळी रद्द केले.

त्यांची माझी पहिली भेट त्याआधी सात वर्षांची. मी एका दैनिकाच्या परभणी कार्यालयात वार्ताहर होतो. विज्ञान दिनाच्या पुरवणीत मी लिहिले होते की, माणूस सर्वांत गुंतागुंतीचा सजीव असल्याने त्याच्या पेशीत सर्वाधिक डीएनए असतो. दुसऱ्या दिवशी दुपारी एक उंच, सावळ्या बाई कार्यालयात आल्या. खांद्याला कापडी पिशवी, हातात पुरवणीचे कात्रण. त्यांनी पिशवीतून एक कांदा काढून माझ्या टेबलावर ठेवला.

"ह्याच्या एका पेशीत तुमच्या पाचपट हाय," त्या म्हणाल्या. "तुमी हे पाहून लिहिलं का ऐकून?"

ऐकून लिहिले होते. कुणाकडून, हेही त्यांनी विचारले. मला नाव आठवेना. त्यांनी कात्रणाच्या कडेला लिहून घेतले: 'नाव आठवत नाही'. दुरुस्ती पाचव्या पानावर दोन ओळींत छापून आली. त्या दिवशी त्या पुन्हा आल्या. दुरुस्तीत कांदा माणसापेक्षा पाचपट प्रगत असल्याचे छापले गेले होते. कांदा टेबलावरच होता. त्यांनी तो उचलून सगळीकडून पाहिला आणि हा तोच आहे का, असे विचारले.

'पाहिलं का ऐकलं' हा त्यांचा नेहमीचा प्रश्न होता. माहेर पाथरीचे. पाथरीला जाताना त्या बस स्थानकावर कंडक्टरला विचारत, ही गाडी पाथरीला जाते का. मग पुढे जाऊन तेच ड्रायव्हरला विचारत. दोघांची उत्तरे जुळली तर बसत. पाटी वाचता येत नाही का, असे एका कंडक्टरने विचारले तेव्हा त्या म्हणाल्या होत्या, "पाटी कुणी लावली ते म्या पाहिलं न्हाई." विभागात त्यांनी जमवलेल्या प्रत्येक पाकिटावर झाडाचे नाव, जागा आणि दिवस असे. पाकीट जिथे चिकटवले त्या जोडावर त्यांची आडवी सही असे. कुणी पाकीट उघडले तर सही तुटावी, हा हेतू. सहकारी त्यांना मागे 'सीआयडी' म्हणत. हे त्यांना माहीत होते. कोणी पहिल्यांदा म्हटले, हेही माहीत होते.

एकदा एप्रिलमध्ये त्या मला पेडगावच्या अलीकडच्या माळावर घेऊन गेल्या. बातमी म्हणून नव्हे. कांद्याची दुरुस्ती दोनदा छापावी लागलेल्या माणसाने एकदा डोळ्यांनी पाहावे, असे त्यांचे म्हणणे होते. माळ वाळलेला होता. मध्येच रानकांद्याचे उघडे दांडे उभे होते. त्यांच्यावर फुले होती, पान एकही नव्हते. त्यांनी खुरप्याने एक कंद मोकळा केला.

"हे बघा. पान न्हाई, पाणी न्हाई, अन् फुलायलंय. कुणाच्या जिवावर?"

मग उत्तर त्यांनीच दिले. मोठ्या जनुकसंचाला पेशीही मोठी लागते आणि तिच्या दोन व्हायला वेळ लागतो. बांधावरच्या तणाला हे परवडत नाही. त्याला दोन महिन्यांत उगवून, फुलून, बी टाकून मोकळे व्हायचे असते. त्यामुळे तणांचे जनुकसंच बहुधा लहान. कंदाला घाई नाही. तो जमिनीखाली सावकाश पेशी तयार करून ठेवतो आणि वेळ आली की त्या नुसत्या फुगवतो. म्हणून कंदवाल्या झाडांना मोठे ओझे बाळगणे जमते, असा तर्क आहे. तर्क आहे, हे त्यांनी दोनदा सांगितले.

मी विचारले, की मग लहान जनुकसंचाचे झाड म्हणजे जुने आणि साधे, असे समजायचे का.

"तितंच फसतेत लोक," त्या म्हणाल्या. "फुलझाडांचा मूळ पुरुष लहान संचाचाच असावा म्हणतेत. पुढं कुणाचा सगळा संचच दुप्पट झाला, कुणाच्या आतले तुकडे आपल्याच नकला करत सुटले. वाढायच्या वाटा लय हायत. पण लहान आकडा दिसला की मला आधी शंका येती. ह्यानं आधी दुप्पट करून मग हाकलून तर न्हाई दिलं? सीतेची आसवं म्हणून एवढंसं निळं फूल असतंय. त्याच्या भाऊबंदांत तसंच झालंय. कितीदा वाढलं अन् सगळं टाकून दिलं. आता मोजाल तर एवढंसंच भरतंय. झाड काय टाकलं ते सांगत न्हाई."

कंद त्यांनी पुन्हा जमिनीत बसवला. फक्त पुढे येणाऱ्या पानांसाठी जागेची खूण करून ठेवली. परतताना त्यांनी मला विचारले, मी खूण नीट पाहिली आहे ना. उद्या कुणी ती हलवली तर साक्षीदार लागेल.

माप घेण्याची रीत अशी होती. ज्या झाडाचे माप घ्यायचे त्याचे थोडे पान आणि ज्याचे माप आधीच ठाऊक आहे अशा दुसऱ्या झाडाचे थोडे पान एकाच बशीत घेऊन ब्लेडने बारीक चिरायचे. दोन्हींच्या पेशींची केंद्रके बाहेर पडतात. ती रंगवून यंत्रातून सोडली की कुणात रंग जास्त बसला, म्हणजे डीएनए जास्त आहे, ते कळते. ठाऊक असलेल्या झाडावरून अनोळखी झाडाचा हिशेब निघतो. यंत्र हैदराबादला होते. मॅडम पाने ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळून, बर्फाच्या डब्यात घालून रेल्वेने नेत. डबा हमालाच्या हाती देत नसत. चिरण्याचे काम तिथल्या तंत्रज्ञालाही करू देत नसत.

त्यांचे ठाऊक असलेले झाड मक्याचे होते. त्यांच्या गुरूंनी या कामासाठी राखलेल्या वाणाचे वीस दाणे त्यांना दिले होते. मॅडमनी ते पेरले आणि त्या झाडांची पाने एकदाच हैदराबादला नेऊन वाटाण्याशी, म्हणजे माप ठाऊक असलेल्या दुसऱ्या झाडाशी, ताडून पाहिली. माप बरोबर भरले. त्यानंतर त्या दर दोन-तीन वर्षांनी रब्बीत घरामागच्या परसात मका लावीत आणि नवे बी राखत. मक्याचे पराग वाऱ्यावर जातात आणि कुंपणापलीकडे दुसऱ्याचे मक्याचे शेत होते. म्हणून प्रत्येक कणसाला त्या कागदी पिशवी घालत, तिला पिना मारत आणि पिनांवर सही करत. बी पत्र्याच्या डब्यात, डब्याला कुलूप, किल्ली त्यांच्या पर्समध्ये. त्याला त्या 'मापाचा मका' म्हणत. जगातल्या प्रत्येक झाडाविषयी त्यांना शंका होती. डब्यातल्या मक्याविषयी नव्हती.

घरात दोघेच होते. यजमान प्रकाश निकाळजे पाटबंधारे कार्यालयातून लिपिक म्हणून निवृत्त झालेले, गप्पिष्ट, माणसे जोडणारे. मॅडम घरी आलेल्या पाहुण्याला कुठून आलात, कशाने आलात, किती वाजता निघालात हे विचारत असताना प्रकाश त्याच्यासाठी पोहे टाकत.

संतोष गिराम हा पाथरीचा. मॅडमच्याच विभागात तासिका तत्त्वावर शिकवायचा, म्हणजे जितके तास घेईल तितक्यांचेच मानधन. पीएच.डी.साठी तो दुसऱ्या मार्गदर्शकाकडे कंदांच्याच जनुकसंचावर काम करत होता. त्याच्या नऊ झाडांपैकी सहा मॅडमच्या यादीतली होती. माप मात्र त्याने मक्याशी नव्हे, वाटाण्याशी ताडून घेतले. सहाही झाडे मॅडमच्या आकड्यांपेक्षा लहान भरली. फरक साधारण आठव्या हिश्शाचा.

प्रबंध सादर करण्याआधीचे त्याचे भाषण विभागाच्या सभागृहात झाले. मॅडम पहिल्या रांगेत होत्या. त्यांनी विचारले, पाने कुणी तोडली. त्याने सांगितले, मीच. बर्फ कुठून घेतला. त्याने सांगितले. मग त्या उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "एक झाड कमी भरलं असतं तर म्या मानलं असतं. सहाची सहा एकाच मापात कमी? गिराम, आकडे माळावर घेतलेस का घरी बसून?"

संशोधन समितीने प्रबंध पुन्हा तपासणीसाठी रोखला. त्याची नोंदणी पुढच्या वर्षी जूनअखेर संपत होती. तोपर्यंत प्रबंध गेला नाही तर सहा वर्षांचे काम बाद होणार होते आणि कायम नोकरीसाठी अर्ज करण्याचा मार्गही बंद होणार होता.

ही बातमी मी तिसऱ्या पानावर चार स्तंभांत दिली. शीर्षकात 'संशयास्पद' हा शब्द होता. गिरामचे नाव होते. त्याची बाजू नव्हती. त्याचा फोन लागला नाही, असे मी कार्यालयात सांगितले. मॅडमनी दुसऱ्या दिवशी मला फोन करून विचारले, "लागला न्हाई का लावला न्हाई?" मी लावला नव्हता. त्या एवढेच म्हणाल्या, की सभागृहातले बोलणे सभागृहासाठी होते.

त्यानंतरच्या शैक्षणिक वर्षात गिरामला तास मिळाले नाहीत. तो पाथरीत भावाच्या खत-बियाण्यांच्या दुकानात बसू लागला. महिन्यातून एकदा तो परभणीला येऊन मॅडमच्या दारात उभा राहायचा. मागणे एकच होते: मॅडम, दहा दाणे द्या. तुमचा मका माझ्या वाटाण्याशी ताडून बघू, कुणाचं माप चुकलं ते कळेल. मॅडमचे उत्तरही एकच होते. बी डब्याबाहेर जात नाही. तू ते बदलणार नाहीस कशावरून?

पाचव्या का सहाव्या फेरीला मॅडम घरी नव्हत्या. प्रकाश यांनी त्याला बसवले, पोहे दिले, आणि निघताना कागदाची एक पुडी हातात ठेवली. तीत मक्याचे दहा दाणे होते. परसातल्या मागच्या पिकाचे, डब्यात जाण्याआधी बाजूला काढलेले. गिरामने विचारले, मॅडमना माहीत आहे का. प्रकाश म्हणाले, "तू पेर. विचारू नको."

फेब्रुवारीत तो माझ्याकडे आला. मॅडमचा मका वाटाण्याशी ताडला तर जे माप भरायला हवे त्याहून आठव्या हिश्शाने कमी भरत होता. पायली लहान झाली की तीच ज्वारी जास्त पायल्या भरते. मका लहान, म्हणून त्याच्याशी ताडलेले प्रत्येक झाड मोठे दिसले होते. यंत्राचा कागद त्याने माझ्यासमोर ठेवला. या वेळी मी दोन्ही बाजूंना फोन लावला.

मॅडमनी कागद पाहिला. त्यांनी विचारले, दाणे कुठून आले. गिरामने सांगितले नाही. मग हे दाणे माझे नाहीत, असे त्या म्हणाल्या. पण पुढच्या तीन आठवड्यांत डब्यातला मका उगवून त्याची पाने घेऊन त्या स्वतः हैदराबादला गेल्या. सोबत वाटाण्याची तीन ठिकाणांहून आणलेली रोपे होती. गिरामचा वाटाणा घेतला नाही. चिरणे, रंगवणे, सगळे स्वतः केले. मका तिन्ही वेळा कमी भरला.

पुढचा प्रसंग मला दोघांनी वेगवेगळा सांगितला. प्रकाश यांनी आधी, मॅडमनी नंतर. तपशील जुळतात, एक सोडून.

रविवारची दुपार होती. मॅडम परसात डबा उघडून बसल्या होत्या. मांडीवर कागद होता. ज्यांच्यावर शंका घ्यायची त्यांची यादी त्या करत होत्या. उंदीर. कागदी पिशव्यांचा दर्जा. कुंपणापलीकडचा वारा. हैदराबादचा तंत्रज्ञ. गिराम. गिरामच्या नावाखाली दोन रेघा होत्या. प्रकाश चहा घेऊन आले. त्यांनी यादी वाचली.

"ह्यात माझं नाव न्हाई," ते म्हणाले.

"तुमचं कशाला?"

"लिही."

त्यांनी लिहिले नाही. प्रकाश पायरीवर बसले आणि बोलू लागले. अकरा वर्षांपूर्वी, मक्याचे पहिलेच पीक परसात उभे असताना, मॅडमच्या आईचे हाड मोडले होते. मॅडम आठ दिवस पाथरीला होत्या. त्यात प्रकाश यांचे कार्यालयातले तीन मित्र पोखर्णीला नरसिंहाचे दर्शन करून परतताना घरी आले. कणसे दाण्यात भरलेली होती. कुणीतरी म्हणाले, घरचा मका आहे आणि आम्हाला नुसता चहा? प्रकाश यांना नाही म्हणता आले नाही. पिशव्या फाडल्या असत्या तर सह्या तुटल्या असत्या. म्हणून त्यांनी त्या खालून हलक्या हाताने सोडवून घेतल्या. सहा कणसे होती. सहाही भाजली. दुसऱ्या दिवशी कुंपणापलीकडच्या शेतकऱ्याकडून तयार झालेली सहा कणसे मागून आणली आणि त्याच पिशव्यांसह वळचणीला वाळत टांगली. मॅडम परतल्या तेव्हा सांगितले, की पाखरे यायला लागली म्हणून काढून ठेवली.

मॅडमनी तेव्हा पिशव्या मोजल्या होत्या. सहा. सह्या तपासल्या होत्या. एकही तुटलेली नव्हती.

ऐकून झाल्यावर त्या उठून आत गेल्या आणि जुनी वही घेऊन आल्या. त्या वर्षीचे पान काढले. त्यांच्याच अक्षरात ओळ होती: 'दाणे यंदा जरा पिवळे. खत?'

"खतवाल्याकडं जाऊन भांडले व्हते मी," त्या म्हणाल्या. "अकरा वर्षं. एकदा सांगायचं व्हतं."

"तू विचारलं न्हाईस, मंदा," प्रकाश म्हणाले. "पिशव्यांना विचारलंस, सह्यांना विचारलंस. सगळ्या जगावर शंका घ्यायचीस अन् माझ्यावर कधी घेतली न्हाईस. ते मला मोडवलं न्हाई."

इथे दोघांच्या सांगण्यात फरक आहे. प्रकाश यांच्या म्हणण्यानुसार यानंतर मॅडम हसल्या. मॅडमच्या म्हणण्यानुसार त्या हसल्या नाहीत. त्यांनी कुणी किती कणसे खाल्ली ते विचारले आणि वहीत त्याच ओळीखाली लिहिले. ती नोंद मी पाहिली आहे. दोघांनी दोन-दोन, तिसऱ्याने एक, यांनी एक. एकूण सहा. पुढे कंसात: 'गोड होती म्हणतात.'

यादीतल्या गिरामच्या नावावर त्यांनी काट मारली. प्रकाश यांचे नाव यादीत शेवटपर्यंत आले नाही. ती यादी वहीत चिकटवलेली आहे.

दुसरा दिवस सोमवार होता. सव्वादहाला त्या विभागात होत्या. विभागप्रमुखांनी सुचवले, की सगळे आकडे रद्द करण्यापेक्षा प्रत्येकातून आठवा हिस्सा वजा करावा. मॅडम नाही म्हणाल्या. शेजारच्या शेतातला मका बाजारच्या बियाण्याचा होता. त्याचे बी राखून पुन्हा लावले की प्रत्येक पिढीत तो थोडा बदलतो. "एकच चूक राहिली असती तर एका हिशेबात निघाली असती," त्या म्हणाल्या. "ही दर पेरणीला बदलत गेली. कोणत्या साली किती, ते मला पाहता येत न्हाई. पाहिलं न्हाई ते लिहिता येत न्हाई."

संशोधन समितीला त्यांनी एका पानाचे पत्र दिले. त्यात तीन वाक्ये होती. माझे माप सदोष होते. संतोष गिराम यांच्या आकड्यांवर मी घेतलेला आक्षेप निराधार होता. तो मी मागे घेते. दोषाचे कारण म्हणून त्यांनी 'मूळ बियाणे माझ्या घरी बदलले गेले' एवढेच लिहिले. कुणी बदलले, हे समितीने विचारले तेव्हा त्यांनी सांगितले, की बियाण्याची जबाबदारी माझी होती.

पत्राची प्रत घेऊन त्या माझ्याकडे आल्या. सोबत जुन्या बातमीचे कात्रण आणि पट्टी होती. त्यांनी माझ्या टेबलावर बातमी लांबी-रुंदीने मोजून दाखवली. दुरुस्ती त्याच पानावर, तेवढ्याच जागेत यावी, असे त्यांचे म्हणणे होते. संपादक आधी तयार नव्हते. बातमी तिसऱ्या पानावर चार स्तंभांत गेली. तीत गिरामची बाजू होती, आणि आधीच्या बातमीसाठी त्याला फोन केला गेला नव्हता, हे वाक्यही होते. शीर्षक अर्ध्या सेंटिमीटरने लहान निघाले. मॅडमचा सकाळी फोन आला.

गिरामने प्रबंध मे महिन्यात सादर केला. दिवाळीनंतर त्याची खुली तोंडी परीक्षा त्याच सभागृहात झाली. पाथरीहून त्याचे आई-वडील आणि भाऊ आले होते. मॅडम पहिल्या रांगेत बसल्या होत्या, शेजारी प्रकाश. बाहेरच्या परीक्षकांचे प्रश्न संपल्यावर अध्यक्षांनी सभागृहाला विचारले, कुणाला काही विचारायचे आहे का. मॅडम उभ्या राहिल्या. गिरामने पाण्याचा ग्लास खाली ठेवला.

"वाटाणा कुणी राखला?"

"मी, मॅडम. एक वर्ष मी परीक्षेला गेलो व्हतो, तवा आईनं."

"आईला विचारलंस?"

"विचारलं, मॅडम. चार शेंगा तिनं खाल्ल्या. बाकीच्या झाडावरच व्हत्या, त्या म्या मोजून घेतल्या. वहीत लिवलंय. पान एकशे बारा."

मागच्या रांगेत बसलेल्या आईने पदर तोंडाला लावला. सभागृहात हशा झाला. मॅडमनी प्रबंधाची प्रत उघडली, पान एकशे बारा काढले, वाचले.

"लिहिलंय," त्या म्हणाल्या, आणि बसल्या.

त्या हिवाळ्यात दोघांनी मिळून मॅडमच्या झाडांची मापे वाटाण्याशी ताडून पुन्हा घ्यायला सुरुवात केली. हैदराबादला डबा गिराम नेत असे. पहिल्या खेपेला त्याच्यासोबत मॅडम गेल्या. दुसऱ्या खेपेला स्टेशनपर्यंत आल्या आणि गाडी सुटेपर्यंत थांबल्या. तिसऱ्या खेपेला त्यांनी डबा घरीच त्याच्या हाती दिला. बर्फ मोजला नाही, असे प्रकाश सांगतात. हे मी पाहिलेले नाही.

मंदाकिनी निकाळजे यांचे पुढच्या जुलैमध्ये हृदयविकाराने परभणीत निधन झाले. तोपर्यंत एकोणचाळीसपैकी चौदा झाडांची मापे पुन्हा घेऊन झाली होती. रानकांदा त्यात आहे. त्याचा नवा आकडा जुन्यापेक्षा लहान आहे आणि गिरामच्या आकड्याशी जुळतो. उरलेल्या पंचवीस झाडांचे काम गिराम करत आहे.

पत्र्याचा डबा आता विभागाच्या कपाटात आहे. तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी प्रकाश यांनी तो आणून दिला, किल्लीसह. विभागप्रमुख, गिराम आणि मी यांच्या समोर तो उघडण्यात आला. आत एकच पाकीट होते, मक्याचे. त्यावर मॅडमच्या अक्षरात लिहिले आहे: 'मापाचा नाही. कुंपणापलीकडच्या शेतातला. पोखर्णीच्या पाहुण्यांनी खाल्लेल्या सहा कणसांच्या जागी आणलेला.' पाकीट जिथे चिकटवले आहे त्या जोडावर आडव्या दोन सह्या आहेत. एक मंदाकिनी निकाळजे यांची, दुसरी प्रकाश निकाळजे यांची. दोन्ही अखंड आहेत.